मोहरीही मावत नाही तिथे

बाई, आज अकराच्या मीटिंगमध्ये मला सगळ्यांसमोर सांगायचं आहे की हे पॅनेल पाठवू नका, म्हणून आधी हे तुम्हाला लिहितोय. मानेसरच्या आमच्या कारखान्यात मोठ्या दाबाच्या विजेची पॅनेलं बनतात, बाहेर जाण्याआधी शेवटची सही माझी. हे पॅनेल गुरुग्राममधल्या एका सोसायटीच्या तळघरात बसणार आहे. जागा मी स्वतः पाहून आलो. जिथे पॅनेल उभं राहील त्याच्या अगदी शेजारी गार्डची खुर्ची आहे. तो तिथेच डबा खातो.

आतल्या तांब्याच्या पट्टीची कड घासून गोल केलेली नाही, धारदार राहिली आहे. सॉफ्टवेअरच्या चित्रात सगळं हिरवं, म्हणजे सुरक्षित, दिसतं. मी मात्र कागद-पेन्सिल घेऊन तुमच्या पद्धतीने जाळं काढलं, आणि त्यात त्या कडेशी विजेचा ताण धोक्याचा दिसतो.

करोल बागेतलं तुमचं स्वयंपाकघर आठवतं. मोटरींच्या तारा पुन्हा गुंडाळून देणाऱ्या रिवाइंडिंगच्या दुकानात मी कामाला होतो, तुमचा मिक्सर परत द्यायला आलो, माझं मराठी ऐकून तुम्ही आत बोलावलंत. कॉलेजात तुम्ही वीजच शिकवायचात. विजेचं सगळं मी पुस्तकं वाचून शिकलोय, असं मी ताठ्यानेच सांगितलं. तो ताठा अजून आहे. तुम्ही पोळपाटावर पीठ पसरलंत, बोटाने पट्टीचा कोपरा काढलात आणि त्याच्याभोवती वाकड्या रेषांचं जाळं. बाजू वाकल्या तरी चालतील, म्हणालात, पण रेघेने रेघेला काटकोनातच छेदलं पाहिजे. गणितात यालाच कन्फॉर्मल मॅपिंग म्हणतात. मग जाळ्याच्या एकेका घरात दाणा ठेवायचा, चारही बाजूंना टेकेल असा. लांबच्या घरात वाटाणा, जवळ मूग, अगदी जवळ मोहरी. घर जितकं लहान, तितका तिथे विजेचा ताण जास्त. आणि नेमका कोपऱ्याच्या टोकाला काटकोनाचा नियमच मोडतो, घर इतकं लहान होतं की ताणाला मर्यादा उरत नाही. मी तिथेही घाईने एक मोहरी दाबून बसवली, तेव्हा तुम्ही माझा हात धरलात.

"मोहरीही मावत नाही तिथे थांबायचं. तिथे भीती वाटली नाही, तर तू नुसतं चित्र काढलंस."

संगणक नव्हते तेव्हा मोटरच्या खाचांपासून तारांपर्यंत सगळ्याभोवतीची जाळी अशीच हाताने काढत, हे तुम्हीच सांगितलंत. तुमच्या सरांनी तुमच्याकडून खोडरबर झिजेपर्यंत जाळी काढून घेतली होती. पुढे यामागचं प्रमेय गणिताच्या विभागाकडे गेलं, उत्तर सॉफ्टवेअरकडे, आणि तुमच्या कॉलेजात शेवटी या पद्धतीला एक तास उरला. त्या तासाला पीठ नेता येत नाही म्हणून तुम्ही चिडायचात.

काल मॅनेजरसाहेबांना जाळं दाखवलं, मोहरीचंही सांगितलं. ते हसले. म्हणाले, "भाईसाब, टेस्ट पास है, सॉफ्टवेअर पास है, अब आपकी सरसों भी पास करानी पड़ेगी क्या?" सगळे हसले, मीही हसलो. साहेब वाईट नाहीत. अशा कडेची पॅनेलं चालू आहेत, हेही खोटं नाही. टेस्ट काही मिनिटांची असते, बाई, आणि टोकाशी इन्सुलेशन हळूहळू खात जाणारी ठिणगी वर्षानुवर्षं चालते. कदाचित काहीच होणार नाही. पण धोका आहे हे ठामपणे सांगायला माझ्याकडे डिग्री नाही, आणि आता तुम्हीही राहिला नाहीत.

मी चुकलो तर उद्यापासून मी मोहरीवाला. बरोबर असलो आणि गप्प बसलो, तर ती गार्डची खुर्ची.

अकराला दहा मिनिटं कमी आहेत. जाळ्याचा कागद घडी करून खिशात घेतलाय, सही केलेली नाही, करणारही नाही. हे पत्र टेबलाच्या खणात राहील. एकच सांगतो. आज सकाळी ते जाळं मी पुन्हा पहिल्यापासून काढलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा मनापासून वाटत होतं की माझी चूक सापडावी.