सात एकरांतली सहा मोकळी

सोमवार, ४ फेब्रुवारी १९४६. अमरावती.

नवी वही. कागद लढाईच्या टंचाईतला, पिवळट, शाई फुटते. तरी आजपासून रोज लिहायचे. थोडक्यात. कुणाबद्दल वाईट लिहायचे नाही.

सरकारी कमिटीवर माझ्या नेमणुकीचे पत्र आले. लढाई संपली. पलटणीतून सुटून येणाऱ्यांना काम हवे, कामाला कारखाने हवेत, कारखान्यांना जागा हवी. अमरावती आणि अकोला या दोन जिल्ह्यांत अशी जागा किती लागेल आणि किती आहे, ते कमिटीने सांगायचे. एकोणतीस वर्षे मुलींची शाळा चालवली. त्याआधी पुण्याला राहून बी. ए. झाले. सरकारला आत्ता आठवण झाली. उशीर त्यांच्याकडून झाला, माझ्याकडून नव्हे.

महत्त्वाचे: ज्या सभासदाचे काम नागपूरच्या मोठ्या साहेबांना पटेल, त्याला नागपूरच्या प्रांतिक बोर्डावर घेणार. बोलून दाखवणे बरे नव्हे. पण माझ्याखेरीज एक वकील, कापसाच्या जिनांचे दोन मालक आणि एक जागा अजून रिकामी. ट्रंक रंगवायला दिली.

मैनाबाईला नागपूरचे सांगितले. वीस वर्षे माझा स्वयंपाक करते, कौतुक करील असे वाटले. म्हणाली, येतानी संत्री आनू नका, वरूडचीच तिकडं नागपूरची म्हनून खपतात.

बुधवार, ६ फेब्रुवारी.

पहिली मीटिंग, अकोल्याला. रिकामी जागा भरली. शकुन.

माझ्या शाळेत चौथीत होती, १९२२ साली. माळ्याची मुलगी. दर बुधवारी गैरहजर, कारण आईबरोबर बुधवारच्या बाजारात भाजी विकायला बसायची. तीन ताकिदी दिल्या, मग पटावरून नाव कापले. नियम सर्वांना सारखा. पुढे लग्न होऊन चांदूर बाजारला गेली. आता वरूडची संत्री आणि चांदूरची वांगी तिच्या हातून गेल्याशिवाय मोटारीत चढत नाहीत म्हणे.

अध्यक्ष उत्तमराव, जुन्या शहरातले वकील, तिला शकुनबाई म्हणाले. खुर्ची ओढून दिली. माझी खुर्ची मी ओढून घेतली. मला सवय आहे.

माझे सूत्र मांडले. एकूण कामकरी भागिले एकरी चाळीस, बरोबर लागणारे एकर. ही डिमांड. मोकळी जमीन, हा सप्लाय. वजाबाकी केली की प्लॅन तयार. सगळे गप्प झाले. चांगल्या सूत्रानंतर असेच होते.

मग शकुनने विचारले, बाई, हे कामकरी कोन्त्या महिन्यातले? दिवाळीपासून होळीपर्यंत मानसं जिनात असतात, मंग संत्र्यात, मंग घरी. मी म्हटले, जमीन महिन्यागणिक बदलत नाही. ती म्हणाली, जमीन नाई बदलत जी, तिच्यावरचं मानूस बदलते. उत्तमराव हसले, जिनवाले हसले. वाक्य परतीच्या गाडीत चार वेळा तपासले. त्यात विनोद नाही.

मला मत्सर वाटत नाही. लुगडे इंदुरी होते. कमिटीत एवढा काठ लागत नाही.

गुरुवार, ७ फेब्रुवारी.

ठराव: शकुनचे नाव या वहीत लिहायचे नाही.

शनिवार, ९ फेब्रुवारी.

सभासदांची यादी टाइप होऊन आली. शकुनचे नाव तिसरे, माझे चौथे. उत्तमरावांना पत्र टाकले की क्रम शिक्षणावरून असावा. कार्डावर उत्तर आले: क्रम गावावरून आहे, आधी अकोला, मग चांदूर, मग तुम्ही. तर मग आधी अमरावती हवी. अकोल्याच्या लोकांना हे कोण सांगणार.

ती पेन धरते तेव्हा अंगठा वर येतो. चौथीत हजार वेळा सांगितले होते. सगळे तिच्या अंगठ्याकडे पाहत नाहीत, तोंडाकडे पाहतात.

गुरुवार, १४ फेब्रुवारी. चांदूर बाजार.

सप्लाय पाहायला मी स्वतः निघाले. जिनवाले पाहणी करणार नाहीत, आणि जिला त्या गावचे सगळे ठाऊक, तिच्याच गावात जाऊन तिच्या आधी जागा शोधायची, यात चूक काही नाही. बरोबर सहदेव, निवृत्त पटवारी, आणि त्याची मोजणीची साखळी.

गावाबाहेर, सडकेला लागून, सपाट, सरकारी, मोकळी जमीन. सात एकर भरली. त्यावर दोन बकऱ्या आणि एक कुत्रे. ठिकठिकाणी राख आणि कांद्याची टरफले: कुणी वाटसरू राहत असावेत. एक नवल दिसले. रांगांनी ठेवलेले दगड, शेकडो, दोन दोन हातांवर. गुराख्यांचा काही खेळ.

साखळी दगडांत अडकू लागली. सहदेवला म्हटले, उचला. म्हणाला, लोकाईचे हायेत बाई. कोण लोक? दिसत तर कोणी नाही. म्हणाला, रविवारी येऊन पाहा एक डाव. मी म्हटले, रविवारी मी कामाला हात लावत नाही आणि जमीन पाहायला वार लागत नाही. तुमची मर्जी, म्हणाला, पण वाकला नाही. पहिले पंधरा मी स्वतः उचलले. मग त्याला लाज वाटून त्याने बाकीचे उचलले. निंबाखाली ढीग केला. दोनशे चौऱ्याऐंशी. मोजणी स्वच्छ झाली.

एकरी चाळीस, सात एकर, दोनशे ऐंशी माणसांचा कारखाना. आणि हे तिच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. तिला दिसले नाही.

शनिवार, १६ फेब्रुवारी.

नकाशा शाईने पुरा केला. मोकळी जागा लाल रंगात. फार सुंदर झाला आहे. मैनाबाईला दाखवला. म्हणाली, रंग चांगला हाये.

ट्रंक आली. झाकणावर पांढऱ्या अक्षरांत माझे नाव, बी. ए. सकट.

सोमवार, १८ फेब्रुवारी.

मैनाबाईची बहीण चांदूरची. तिच्याकडून बातमी. काल तिथल्या बाजारात मोठी मारामारी झाली. मिरचीवाली मडकेवाल्याच्या जागी, मडकेवाला बैलांत. दोन बायकांनी एकमेकींच्या झिंज्या धरल्या. कारण काय, तर कोन्या सटवीनं जागेचे दगड उचलले. मैनाबाईने मला समजावले, जणू मीच चौथीत: ज्याचा दगड त्याची जागा. आजीचा आईकडं, आईचा लेकीकडं. दगडाले कोनी हात लावत नाई, पुरात वाहून आला तरी परत नेऊन ठेवतात.

सटवी हा शब्द तीनदा आला. मी ऐकून घेतला. वांग्याची भाजी खारट होती, ते मात्र सांगितले.

शेवटी शकुनने सगळ्यांना पुन्हा बसवले म्हणे. नुसत्या आठवणीने. कोण कुठे, कुणाच्या डाव्या हाताला कोण, दिवस कलेपर्यंत. त्यात काय. मी चारशे मुली बसवल्या आहेत. उंचीप्रमाणे.

मी आयुष्यात बाजाराला गेलेली नाही. मैनाबाई जाते. तेव्हा ही चूक माझी म्हणता येणार नाही.

मंगळवार, १९ फेब्रुवारी.

विचार केला. घाबरायचे कारण नाही. बाजार आठवड्यातून एक दिवस. सातांतला एक. म्हणजे सात एकरांतला एक एकर बाजाराचा, सहा एकर मोकळी. गणित चोख आहे. नकाशावर एक एकर पांढरा खरवडून काढला. कागद जरा फाटला. दोनशे चाळीस माणसांचा कारखाना. मी प्रामाणिक आहे म्हणून चाळीस कमी केली. दुसऱ्या कोणी केली नसती.

सोमवार, २५ फेब्रुवारी.

अकोल्याची मीटिंग. सहा एकर मांडली. उत्तमरावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. जिनवाल्यांपैकी एकाने विचारले, सहा कोणती? मी म्हटले, हिशोब पाहा.

शकुन माझ्याकडे बराच वेळ पाहत होती. हरली हे तिच्या लक्षात आले असावे. चहाच्या वेळी जवळ येऊन हळूच म्हणाली, बाई, आमच्या तिथले दगड कोनं उचलले, काई समजलं का? मी म्हटले, हा विषय अजेंड्यावर नाही. बरं, म्हणाली, आणि तिच्या बशीतला चिवडा मला दिला. माझ्या बशीत तो आधीच होता.

साहेब जागा पाहायला येणार. मी गुरुवार सुचवला. गुरुवारी हवा चांगली असते. साहेबांना सवड फक्त रविवारी, १० मार्चला. शकुन म्हणाली, रविवार बरा हाये जी. तिचेच ऐकतात.

शुक्रवार, ८ मार्च.

साहेबांपुढे करायचे भाषण आरशासमोर म्हटले. अकरा मिनिटे. मैनाबाईला विचारले, होळीच्या आधीच्या बाजारात गर्दी किती असते? ती हातातले काम टाकून हसत बसली. अशा माणसांकडून माहिती मिळवणे कठीण.

रविवार, १० मार्च. चांदूर बाजार. दुपार.

जमीन दिसली नाही.

माणसे, बैल, मिरच्यांचे ढीग, साखरेच्या गाठ्यांच्या माळा, रंगाच्या पुड्या, पळसाची फुले. साहेबांची मोटार सडकेवरच राहिली. नकाशा उलगडायला जागा नव्हती. अर्धा उलगडला तर एका बांगडीवाल्याने, माल झाकायला आणलाय का, म्हणून विचारले. साहेब म्हणाले, बाई, ती सहा एकर दाखवा. मी हात केला. हाताच्या दिशेला म्हैस होती.

मग शकुन तिच्या जागेवरून उठली. कागद नाही, काही नाही, साहेबांना सांगू लागली: ही वांगीवाली, आखाडीपासून होळीपर्यंत. मंग तिच्या जागी टरबुजवाला, नदीतल्या वाडीतून येते. हा लोहार, पेरणीच्या आधी तीन महिने, त्याच्यामागं चार मानसं. हे तिघं भाऊ पलटनीतून आले, यांले दगडच नाई, काठावर उभे राहतात. असे पस्तीस जण हायेत जी. तुमाले जागा पाहायची तर यांच्यासाठी पाहा, सडकेपलीकडं पडीत हाये. साहेब तासभर लिहीत होते. पेन्सिल मोडली तेव्हा माझी मागितली.

पुढे उत्तमरावांनी मोठ्याने विचारले, ते दगड कुणी हलवले होते हो? सगळे जवळ जमले. सहदेवही आला होता. तो आपल्या वहाणांकडे पाहू लागला. शकुन म्हणाली, वारा सुटला असन वकीलसाहेब, वाऱ्यानं गेले.

दगड वाऱ्याने जात नाहीत. हे चौथीच्या मुलीलाही कळते. मी तसे बोलले नाही.

ऊन फार होते. तिने आपल्या पोत्याची अर्धी बाजू झटकून मला बसायला दिली. बसले, कारण चक्कर येत होती. एकाने मलाच विचारले, वांगे कसे देल्ले? मी त्याला रांगेत उभे राहायला सांगितले. राहिला. त्याच्यामागे आणखी सात जण राहिले. शकुन म्हणाली, आजवर आमच्याच्यानं नाई झालं हे.

सोमवार, ११ मार्च.

कालची गर्दी होळीमुळे. नेहमीची नव्हे. गुरुवारी आले असते तर माझे सूत्र दिसले असते. साहेबांना तसे कळवायचे. पत्र लिहिले.

पत्र टाकले नाही. वाऱ्याचे वाक्य मधे येते.

शनिवार, २३ मार्च.

नागपूरला शकुन.

साहेबांच्या पत्रात माझ्याविषयी एक ओळ: नकाशाचे अक्षर सुवाच्य. सडकेपलीकडची पडीत मंजूर होणार, पस्तीस जागा, लोहार-सुतारांना छपऱ्या. लाल रंग कुठेच नाही.

ट्रंकेत मैनाबाईने पापड ठेवले. विचारले नाही.

मंगळवार, २६ मार्च.

शकुन घरी आली. टोपलीभर संत्री, आणि नागपूरच्या कागदांचा गठ्ठा, सगळा इंग्रजी. म्हणाली, बाई, चौथीचे माहे बुधवार राहून गेले ना जी. तेवढे भरून द्या. मराठी वाचते मी, हे मले समजत नाई. तिकडं नुसती सही करून याले मी जात नाई.

मी म्हटले, नाव कापलेल्या मुलीला परत घेण्याचा नियम नाही. ती म्हणाली, मंग नवं नाव लिवा. मैनाबाईने मधेच चहा आणला. तिला आधी दिला.

विचारले, वर्ग कुठे? तर म्हणे, बुधवारी मी इथल्या बाजारात बसते, सकाळी आठले या, गिऱ्हाईक कमी असते. बाजारात बसून शिकवणे मला शक्य नाही, हे स्पष्ट सांगितले. एकोणतीस वर्षांची शिस्त आहे. जाणार नाही. हा ठराव.

बुधवार, २७ मार्च.

गेले. मैनाबाईच्या मागून, तिला रस्ता माहीत म्हणून. पाच मिनिटे उशीर झाला. शकुनने काही विचारले नाही. मी तिच्या जागी असते तर विचारले असते. दीड कागद शिकवून झाला. अंगठा अजून वर येतो.

तिने माझ्यासाठी शेजारी एक दगड ठेवला होता. म्हणाली, इथं आता दुसरं कोनी बसनार नाई.

दगड लहान आहे. पलीकडच्या कांदेवालीचा केवढा तरी मोठा.