धुणंवालीचा मखमली कोट

दादा,

बायबलातले हिब्रू संदेष्टे, देवाचा निरोप सांगणारे, मला तूच शिकवलेस. येणारा तारणारा डोळ्यांना दिसेल त्यावरून न्याय करणार नाही, गरिबाची बाजू घेईल, असं म्हणायचास. मग गावोगाव फिरणाऱ्या त्या उपदेशकालाच तारणारा मानून त्याच्यामागे निघून गेलास, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली.

परवा तो आपल्या गल्लीत आला. घरमालकाने खोलीबाहेर काढलेली शेजारची धुणंवाली ओल्या कपड्यांनिशी त्याच्यापुढे उभी राहिली. "धीर धर बाई, देवाच्या दारी न्याय आहे," म्हणाला. मी शिंपीण, मला कुठला धीर! गिऱ्हाइकाचा नवाकोरा मखमली कोट तिच्या अंगावर चढवला आणि संध्याकाळी तिला पुन्हा पाठवलं. तक्रार तीच, शब्दही तेच. तो उठला, खुर्ची दिली आणि म्हणाला, "ताई, घरमालकाला आत्ता बोलावतो."

त्याने तिला ओळखलंच नाही, दादा. सकाळी तिच्या तोंडाकडे बघितलं असतं तर ओळखलं असतं.

हे पत्र मी टाकणार नाही. तुला आलेली पत्रं आधी तोच फोडतो, असा मला दाट संशय आहे. हल्ली तुझ्या उत्तरांत तू नसतोसच. वाट बघायला तूच शिकवलंस, आता तुझीच बघतेय. कसल्याही कपड्यांत ये, मी ओळखीन.

तुझी,
धाकटी