सपाट देशाचा नवरदेव

प्रिय नेझा,

फोनवर तू घाईत असतेस, म्हणून लिहायला बसले. चार इयत्तांची शाळा माझी, चुका पोटात घाल. गाय व्याली, कालवड झाली. तुझ्यासारखीच हट्टी, पाजायला गेलं की तोंड फिरवते.

लग्न रॉटरडॅमच्या कचेरीत करणार म्हणालीस, सुट्टी नाही म्हणे. सुट्टीचं मला सांगू नकोस, पोरी. गावची मुलगी परगावी निघाली की आपली पोरं रस्त्यावर दांडा आडवा टाकतात आणि नवरदेवाने ओंडका कापल्याशिवाय तिला सोडत नाहीत, त्याची तुला धास्ती. तुझा योस्ट पडला कॉम्प्युटरवाला. शेजारचा त्सेने तर चर्चच्या पायरीवर म्हणतच होता, "त्याला लोण्याचा ओंडका द्या रे!" मी म्हटलं, "त्सेने, तुझ्या लग्नात तू दोनदा दम खायला बसलास आणि शेवटी सासऱ्याने कापला."

तर गेल्या रविवारी दार वाजलं. बघते तो योस्ट! आत येताना चौकटीला कपाळ आपटलं, मग म्हणाला, "आजी, नेझाला सांगू नका. मला कापायला शिकवा."

प्रश्न किती विचारतो गं! "तुमचा देश केवढा?" म्हटलं, त्या शिखरावरून सलगम सोड, जेवणवेळेला समुद्रात. त्याला खरंच वाटलं. "सगळीकडे भाषा एकच ना?" एकच रे बाबा, फक्त या खोऱ्यातलं त्या खोऱ्याला कळत नाही. "गवत मांडवावर का टांगता?" पाऊस काय सांगून येतो? त्याच्याकडे म्हणे टेकडी दिसली की लोक फोटो काढतात.

पहिल्या दिवशी करवत मधेच अडकली, तर हा ओंडक्याचीच माफी मागतो! हाताला फोड आले, मी मध लावला. अक्रोडाचं सारण भरून भाजलेली पोतित्सा त्याने अख्खी संपवली. आणि काल ओंडका धाडकन पडला, तेव्हा असा ओरडला की कुंपणावरून त्सेने धावत आला. कापलेली बाजू निरखून म्हणाला, "तिरका कापलायस." आणि खिशातली नाशपातीची दारू त्याच्या हातात दिली. त्सेनेने! ती बाटली तो सख्ख्या भावाला देत नाही.

सांगू नका म्हणाला होता, म्हणून तुला मी काही सांगितलेलं नाही. लिहायचं कारण एवढंच, की लग्न इथे कर. कचेरीतून गेलीस तर गावाने तुला सहज जाऊ दिलं असं होईल, आणि तू सहज जाऊ देण्यासारखी नाहीस. पोरं नवरदेवाला मुद्दाम बोथट करवत देतात, ती त्सेनेच्या गोठ्यात टांगलेली असते. सध्या माझ्या पलंगाखाली आहे. धार लावून झाली की परत टांगते.

तुझीच, अजून हाताला तेलाचा वास असलेली
आजी