ढमीचं पोट भरतंय

२ नोव्हेंबर

आलो एकदाचे! सामान अजून खोक्यांतच आहे. चहाचं पातेलं सापडलं, गाळणं बेपत्ता. तरी मला घर आवडलं. पहिल्या मजल्यावर तीन खोल्या, बाहेरच्या खोलीला दोन मोठ्या खिडक्या. बघताक्षणी ती मी माझ्या शिलाई मशीनसाठी बळकावली. आतली खोली ढमीच्या पाळण्याला. नवरा कुरकुरला की त्याच्या वाट्याला या घरात जिना तेवढा उरलाय. नोकरी त्याची, गाव त्याने निवडलं, तर खोल्या मी निवडणार. त्यात काय चुकलं?

ढमी हे नाव थट्टेचं. जन्मली तेव्हा मूठभर होती, म्हणून मीच हट्टाने ढमी म्हणायला लागले. आता चार महिन्यांची आहे आणि नाव सार्थ करायच्या मार्गावर आहे. आज खोक्यांच्या गराड्यात बसून तिला पाजलं. माझ्या गाऊनचा गळा मुठीत धरून, डोळे मिटून, मचमच आवाज करत पिते. त्या वेळी कुणी राज्य देऊ केलं तरी मी उठणार नाही.

रोज दोन ओळी तरी लिही, असं धाकट्या बहिणीने बजावलंय. या दोनांपेक्षा जास्तच झाल्या.

५ नोव्हेंबर

काम सुरू केलं. अंगावर पाजणाऱ्या बायकांसाठी पुढून उघडणारे गाऊन शिवायचे, असं बाळंतपणातच ठरवलं होतं. बाजारात मिळतात ते कुणा पुरुषाने बेतलेले असावेत; बाळ रडून निळं होईस्तोवर त्यांची बटणं सुटत नाहीत.

मापासाठी माझा शिवणाचा पुतळा खोक्यातून काढला. डोकं नाही, हात नाहीत, गळ्यापासून कमरेपर्यंतचं धड आणि खाली लाकडी दांडा. इतकी वर्षं तो गिऱ्हाइकांच्या मापाचा होता. आज कापसाच्या पट्ट्या गुंडाळून, टाके घालून त्याला माझ्या आत्ताच्या मापाचा केला. छाती भरताना मलाच हसू आलं. नवरा म्हणाला, आता दोन बायका झाल्या आणि त्यातली एक तरी उलट बोलत नाही. मी टाचणी दाखवल्यावर पळाला.

९ नोव्हेंबर

आज जरा विचित्र झालं. दुपारी ढमी छान पीत होती. मध्येच सोडलं, पाठ ताठ केली, मुठी आवळल्या आणि जो आकांत मांडला! खालच्या घरमालकीण काकू धावत वर आल्या. खांद्यावर घेतलं तर गप्प. पुन्हा छातीशी धरलं, दोन घोट घेतले न घेतले, पुन्हा तेच. कपडे तपासले, टाचणीबिचणी टोचत नाही ना ते पाहिलं. काही नाही. भूक तर होती, कारण मूठ चोखत होती.

काकू म्हणाल्या, पोटात वारा धरला असेल. असेल. पण तोंड बाजूला करताना तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी कुणी परकी बाई आहे आणि तिला पळवून आणलंय. मनाला फार लागलं.

११ नोव्हेंबर

दवाखान्यात जाऊन आलो. डॉक्टरीणबाईंनी कान पाहिले, तोंड पाहिलं, हिरड्यांवरून बोट फिरवलं. सगळं ठीक. या वयात मुलं अशी अचानक बिथरतात म्हणे. कधी दूध एकदम जोरात येतं, कधी नाक चोंदलेलं असतं, कधी जागा नवी म्हणून. जबरदस्ती करायची नाही, शांत खोलीत बसायचं, पेंगुळलेली असताना पाजून बघायचं. तोवर दूध काढून चमच्याने द्या म्हणाल्या.

तिथल्या सिस्टरने बरोबर ओळखलं. साबण बदललात का, असं विचारलं. बदललाय! इथे आल्यावर नवा आणला. ती म्हणाली, बाळ आईला वासाने ओळखतं. जुनाच साबण वापरा, अंगातला एखादा न धुतलेला कपडा तिच्या आसपास असू द्या. पण पाळण्यात मोकळं कापड ठेवायचं नाही, तोंडावर आलं तर धोका.

जीव भांड्यात पडला. साबणच तो मेला.

१२ नोव्हेंबर

मी हुशार आहे, हे आज कुणीतरी म्हणायला हवं होतं. कुणी म्हटलं नाही, म्हणून मीच लिहिते. कपडा पाळण्यात नको पण जवळ हवा, मग माझा पिवळा गाऊन, दुधाचे डाग पडलेला, पुतळ्याच्या अंगात घातला आणि पुतळा पाळण्याशी उभा केला. शिवणाऱ्या बाईलाच हे सुचायचं!

जादू झाली. ढमी त्याच्याकडे बघत हातपाय नाचवत राहिली. मी बाहेर निवांत मशीन चालवलं. आतून एकदाही रडणं नाही.

१५ नोव्हेंबर

माझ्यापाशी मात्र सुधारणा नाही. उलट आता घ्यायलाच तयार नाही. सांगितलं तसं सगळं केलं. अंधार केला, गाणं म्हटलं, उघड्या अंगाशी घेतलं, चालत चालत पाजून पाहिलं. मान फिरवते. काढलेलं दूध चमच्याने दिलं तर थुंकते. माझी छाती दगड झालीये, ठणकते, आणि ढमी पाळण्यात ठेवली की हसते.

सासूबाईंनी फोनवर विचारलं की मी पथ्य नीट पाळते ना. म्हणजे चूक माझीच.

एक कळत नाही. लंगोट भरपूर ओले होतायत.

१८ नोव्हेंबर

वजन केलं. वाढलंय. चांगलंच वाढलंय. सिस्टर खूश. म्हणाली, बघा, पोटात जातंय ना, उगाच जिवाला लावून घेता.

मी सांगितलं की चार दिवस झाले, ती माझ्या अंगावर एक थेंब प्यायलेली नाही. वरचंही काही दिलेलं नाही. सिस्टरने मला झोप लागते का विचारलं. परतताना नवऱ्याने फार मायेने सुचवलं की मी झोपेत पाजत असेन आणि विसरत असेन. मायेने बोलला म्हणून जास्त भीती वाटली.

मग ही वाढतेय कशावर?

१९ नोव्हेंबर

पिवळा गाऊन पुढून ओला होता. दोन्ही बाजूंना. हात लावला, कोमट लागलं. वास घेतला. दुधाचा. ताज्या दुधाचा.

काय करावं ते सुचेना, म्हणून हाताला सवय आहे ते केलं. टेप घेतली. पुतळ्याची छाती मी भरली होती त्यापेक्षा दोन बोटं जास्त भरली. टाके जिथल्या तिथे. मग स्वतःला मापलं. मी तेवढीच कमी झालेय. पुन्हा मापलं. टेपेला काय, तिला ना झोप कमी पडते ना पथ्य पाळावं लागतं.

पुतळा उचलून गॅलरीतल्या कोठीत कोंडला. जड झालाय. गाऊन धुतला.

२० नोव्हेंबर

ढमी सकाळपासून रडतेय. घसा बसला, तरी रडतेय. माझं घेत नाही. बाटली आणली, घेत नाही. चमचा नाही. लंगोट कोरडे.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, उद्यापर्यंत पाहू, नाहीतर दाखल करून सलाइन लावावी लागेल. इवल्याशा हाताला सुई. टाळू खोल गेलीये. मी धरते आणि ती मला ढकलते. मला, आईला.

देवा, माझ्यात काय कमी आहे ते तरी सांग.

२१ नोव्हेंबर

मी आणला. मीच. कोणी सांगितलं नाही.

आता रडायचाही आवाज येत नव्हता तिचा, नुसतं तोंड उघडायची. कोठी उघडली, पुतळा उचलला, धुतलेला पिवळा गाऊन पुन्हा त्याला घातला आणि पाळण्याशी ठेवला. दार लावून बाहेर उभी राहिले. आत काहीतरी सरकलं. पाळण्याची कडी वाजली. आणि मग — घोट. एकामागून एक. मचमच. तोच आवाज.

मी दाराला कपाळ टेकून रडले. भीतीने रडले, आणि हेही खरं, की सुटल्यासारखं वाटलं. तिचं पोट भरत होतं.

माझी छाती रिकामी. ठणका नाही, काही नाही.

२२ नोव्हेंबर

नवरा आनंदात आहे. म्हणाला, दुपारी डबा न्यायला आलो तेव्हा तू पाठमोरी पाजत बसली होतीस, हाक मारली नाही, म्हटलं लय नको मोडायला. पिवळा गाऊन तुला शोभतो, असंही म्हणाला.

दुपारी मी खाली काकूंकडे होते. निळ्या कपड्यात.

त्याला सांगितलं. त्याने डोक्यावर हात फिरवला.

संध्याकाळी शिवताना टाचणी बोटात घुसली. पार आत. दुखलं नाही. रक्त नाही. बाहेर काढली तर टोकाला — पांढरं काहीतरी. तंतू.

२३ नोव्हेंबर

मी दारात दिसले तरी ढमी किंचाळते. नवऱ्याने तिला माझ्या हातातून घेतलं, आत ठेवून आला. मग म्हणाला, आता शांत झाली बघ, तू घेतल्यावर. मी बाहेरच होते. त्याच्यासमोर.

बोलले तर त्याला ऐकू गेलं नसावं. की मी बोललेच नाही?

उद्या कात्री घेणार. शिवणीपासून शिवणीपर्यंत उसवणार. भुकेचं मग बघू. सुई लागली तर लागली. ती माझी आहे.

२४ नोव्हेंबर

आतलं दार आतून बंद. कात्री मांडीवर आहे. उठायचंय. पाय जड — नाही, पाय जाणवतच नाहीत. खुर्चीपाशी उभी आहे की बसलेय, तेही — हात चालतोय तोवर लिहिते.

नवरा आला. भर दुपारी. माझ्या अंगावरून गेला. आतलं दार ठोठावलं, ते उघडलं. हळूच विचारतोय, झोपली का गं. आणि आतून उत्तर — माझा आवाज. मी बोलते तसाच, शेवटचा शब्द लांबवून. म्हणते, आत्ताच झोपली, आणि बाहेरचा तो पुतळा आधी हलव, बाळ त्याला बघून घाबरतं.

नाही. ऐक. इकडे बघ, मी —

येतोय. बघितलं माझ्याकडे. डोळ्यांत बघितलं. हातात चादर. म्हणतोय, कोठीत ठेवतो, धूळ बसायला नको.

बोट हलतंय, बघ ना रे, बोट —

ढमी उठली. मला बघतेय त्याच्या मागून. रडत नाहीये. ती हसतेय, आणि तिच्या तोंडाच्या कडेला दू