सोळावी मात्रा

३ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी ८.००
भीमरत्नचा अल्बम आला. बेंगळुरात नोकरी सांभाळून पोरगा बँडमध्ये गिटार वाजवतो. प्रोग्रेसिव्ह मेटल म्हणे. नऊ गाणी, एक तास बारा मिनिटं. लिंक आल्या आल्या उत्तर पाठवलं : संपूर्ण ऐकला, अप्रतिम. बापानं प्रोत्साहन द्यायलाच पाहिजे.

८.१०
त्यानं विचारलं, आप्पा, सहा मिनिटांत? मी कळवलं, निपाणीत नेट फास्ट आहे. पंधराला घरी येतोय, बसून सगळं बोलू म्हणाला. बारा दिवस आहेत. मला एक संध्याकाळ पुरे.

संध्याकाळी ६.००
चार मिनिटं ऐकला. शेजारचे मारुतीराव विचारून गेले, मिक्सर बिघडला काय वो. ठेका मोजला. पंधरा मात्रा. सोळा पाहिजेत. पुन्हा मोजला, पंधराच. गायन पार्टीत बावीस वर्षं भीमगीतांना ढोलकी धरली, माझी एक मात्रा कधी हलली नाही. पोरात ते उतरलं नाही याचं वाईट वाटलं. बंद केला.

५ नोव्हेंबर
संकल्प : रोज एक गाणं. हिशेबानं तेराला खलास. आज पहिलं. चार मिनिटं. माणूस गातोय की त्याला कोणी दारात चेंगरलंय, कळत नाही. आमच्या शाळेच्या ऑफिसात सोबतच्या क्लार्क परशरामला सांगितलं की अल्बम ग्रेट आहे, फक्त पोरगा एक मात्रा खातो. तो म्हणाला, सांगा की मग त्याला. सांगणारच आहे.

८ नोव्हेंबर
दहावीच्या परीक्षेचे अर्ज. तीन गाणी साचली.

१० नोव्हेंबर
मास्टरस्ट्रोक. कामासाठी बेळगावला जायचं होतं. बसमध्ये खिडकीकडची सीट, शेजारी जाडजूड गृहस्थ, माझ्या कानात हेडफोन. उठून जायची सोयच नाही. डोळे मिटून एकाग्र झालो. बेळगावच्या अलीकडे काकतीला डोळे उघडले तेव्हा अल्बम संपला होता. गृहस्थ म्हणाले, लई घोरता वो तुम्ही. म्हणजे अल्बम एकदा पूर्ण कानावरून गेला, हे तर खरं.

१३ नोव्हेंबर
नीलम भाकरी थापताना कानात तेच घालून बसते. तिसऱ्यांदा ऐकतेय म्हणे. बायकोला मेटल कळतं आणि मला नाही, हे शक्य नाही. म्हणाली, जमत न्हाय तर शेवटचं तेवढं ऐका की ओ. पुस्तक शेवटच्या पानापासून वाचणाऱ्यांतला मी नव्हे. पहिल्यापासून लावला. चार मिनिटं.

१५ नोव्हेंबर. सकाळी
दुपारी येतोय. घरातच राहणार, माझ्यासमोर बसणार. बाजारात जाऊन बसावं म्हटलं तर नीलमनं पिशवी काढून घेतली. चौथा चहा घेतला. एक युक्ती सुचली. खरा जाणकार एक दोष काढतोच, त्याशिवाय ऐकलंय असं कोणाला पटत नाही. दोष शेवटच्या गाण्यात काढायचा. तिथवर ऐकत कोण जातंय?

१६ नोव्हेंबर. सकाळी
काल जेवताना बोललो. आठ गाणी उत्तम, नववं काढून टाक, त्यातला ठेका कच्चा आहे. भीमरत्ननं हातातला घास ताटात ठेवला. मग विचारलं, खरंच कच्चा वाटला काय आप्पा? मी म्हटलं, बावीस वर्षांचा कान आहे. बरं म्हणाला. भाकरी अर्धीच खाल्ली. टीका पचवायला शिकलं पाहिजे. आज संध्याकाळच्या गाडीनं परत जातोय.

१७ नोव्हेंबर. सकाळी ७.००
नीलम काल तो गेल्यापासून माझ्याशी बोलली नव्हती. आत्ता चहा ठेवताना म्हणाली, नववं गाणं तुमचंच हाय. तुम्हीच वळखाल, सांगू नगं म्हणालता त्यो.

लावलं. पहिली दोन मिनिटं नुसती ढोलकी. जयंतीच्या कार्यक्रमात त्यानं मोबाईलवर रेकॉर्ड केलेली. मधे माझा खोकला. मोजलं. पंधरा. सोळावी मात्रा मीच खातोय, आणि प्रत्येक वेळी तिथंच खातोय. मग गिटार येते आणि बरोबर त्या पंधरात बसते. बाकीची आठ थोडी थोडी लावून मोजली, तिथंही पंधराच. नऊच्या नऊ गाणी माझ्या चुकीला सांभाळून उभी आहेत.

७.३०
त्याला फोन लावला. पोहोचला होता. झोप लागली काय विचारलं, थंडी हाय काय विचारलं. अल्बम ऐकला म्हणून सांगायचं होतं. पण ते मी पहिल्याच दिवशी सांगून बसलोय.