बुधवारचं भांडण

शिकागो, ६ नोव्हेंबर १९४७

प्रिय सिग्रिडताईस,
सा. न. वि. वि.

काल रेडिओ ऐकलास ना? तू कळवलेलं आईबाबांचं कॉफीचं भांडण माझ्या कार्यक्रमात जसंच्या तसं घातलं. अगाथा कॉफी निवळावी म्हणून उकळत्या कॉफीत अंडं फोडते आणि तिचा नवरा बर्ट पेल्यात टरफलं शोधत बसतो, यावर स्टुडिओतले लोक इतके हसले की पुढची दोन वाक्यं कुणाला ऐकूच गेली नाहीत. काचेमागे साबणवाले मालकही हसत होते. साबणाच्या जाहिरातीपायी कार्यक्रमाचा खर्च त्यांचा, आणि दर तेरा आठवड्यांनी तो चालू ठेवायचा की नाही हेही तेच ठरवतात. तेव्हा आईबाबांचं एक ताजं भांडण दर आठवड्याला धाडत जा. मी नुसती नावं बदलतो; एवढं चांगलं मला सुचत नाही. त्यांना मात्र यातलं काही कळू देऊ नकोस. बाबा मला घरात घेणार नाहीत.

तुझ्या जिवावर पोट भरणारा,
निल्स

डुलुथ, १२ जानेवारी १९४८

चि. निल्स यास अनेक आशीर्वाद.

तुला पाठवायला काही नाही रे. आईबाबा भांडेनासे झालेत. बाबा रात्री खिडकी उघडत नाहीत. तलाव गोठलाय म्हणावं, तर तो दरवर्षीच गोठतो आणि आई कितीही ओरडली तरी बाबा दरवर्षीच उघडतात. काल आईनं विचारलं, आणखी थोडी कॉफी देऊ का? तर बाबा म्हणाले, तुला त्रास नसेल तर. माझा घास तोंडातच राहिला.

मला वाटलं, एखादं दुखणं लपवताहेत. डॉक्टरांना घेऊन गेले, तर त्यांनी दोघांना तपासलं, कॉफी घेतली आणि गेले. मग मुद्दाम विषय काढला की गाडी खांबाला कोणी घासली. दोघंही म्हणाले, चूक माझीच. त्या घरात आता बसवत नाही.

जेवणाखाणाची आबाळ करू नकोस.
तुझी ताई

शिकागो, ५ फेब्रुवारी १९४८

प्रिय ताईस, सा. न.

माझ्या मनानं लिहिलेली भांडणं साफ पडली. मी सडाफटिंग माणूस, मला संसारातलं काय कळणार? काल साबणवाल्यांनी काचेमागे जांभई दिली. येत्या बुधवारी लोक हसले नाहीत तर बर्ट-अगाथा बंद, आणि त्यांच्याबरोबर मीही.

पण खरं सांगू? नोकरीपेक्षा दुसरंच मनाला लागलंय. दर बुधवारी ती दोघं एकमेकांच्या तोंडाला तोंड देऊ लागली की मला आपलं स्वयंपाकघर ऐकू यायचं. तेच तिकडे गप्प झालं असेल, तर इथे मी काय लिहू? तू त्यांना सगळं सांगून टाक. रागावले तर रागावू देत.

तुझ्या उत्तराकडे डोळे लावून बसलेला,
निल्स

डुलुथ, ८ फेब्रुवारी १९४८

चि. निल्स यास आईचे अनेक आशीर्वाद.

सिग्रिडनं सांगितलं. अरे वेड्या, आम्हाला पहिल्याच बुधवारी कळलं होतं. पोट धरधरून हसलो. पण मग तोंड उघडलं की वाटायचं, आता हे सगळा देश ऐकणार. तुझे बाबा गोड बोलायला लागले, म्हणून मीही लागले. गोड बोलून बोलून जीव अगदी मेटाकुटीला आला होता.

आज चर्चमधून आल्यावर तुझ्यासाठी म्हणून मुद्दाम भांडायला बसलो. आधी जमेचना. तू सुरू कर, नाही तूच कर, असं चाललं होतं. मग हे म्हणाले, खिडकी. बस्स, जेवण करपलं तरी कोणी उठलं नाही. किती बरं वाटलं म्हणून सांगू. सिग्रिडनं सगळं उतरवून घेतलंय, सोबत जोडलंय. शेवटचं वाक्य अगाथाला दे, कारण ते माझं होतं.

तुझी आई

ता. क.
चि. निल्स, शेवटचं वाक्य माझं होतं. त्या नटीला जरा मोठ्यानं ओरडायला सांग. तुझ्या आईपुढे ती कुजबुजल्यासारखी वाटते. ही आत्ता माझ्या खांद्यावरून वाचतेय आणि हातातलं पेन ओढतेय. खिडकी उघडी आहे. इकडील भांडण उत्तम चालू आहे, काळजी नसावी.

बाबा