सिनेमाला माणसं मिळाली, मामा!

म्हैसूर, सोमवार

तीर्थस्वरूप पद्मनाभमामांना मेघाश्रीचा वाकून नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? मामींचं डोकं दुखायचं थांबलं का? इकडे आम्ही बरे आहोत. मी तर इतकी खुशीत आहे की आज कडकोळच्या कारखान्यात तपासून झालेली खोकी पुन्हा तपासत बसले.

मामा, मी सिनेमा करतेय! अर्ध्या तासाचा, आपल्या घरच्या मराठीत (मधल्या सगळ्या कानडी ‘सुम्ने’ आणि ‘अल्वा’सकट). रुसलेली बहीण कित्येक वर्षांनी आजारी भावाला भेटायला येते आणि तो झोपेचं सोंग घेऊन तिचं बोलणं ऐकतो, एवढीच गोष्ट. लिहायला दोन रविवार लागले, माणसं जमवायला सात महिने. सिनेमातली खरी माणसं माझं बजेट ऐकून इतक्या प्रेमाने फोन ठेवायची की मलाच त्यांची कीव यायची.

शेवटी कुवेंपुनगरातला वेंकटेश मिळाला. लग्नांचे व्हिडिओ काढतो. (मी कथा सांगितली, त्याने मुहूर्त विचारला.) आवाज टिपायला पिरियापट्टणचे रघूत्तमराव, निवृत्त मास्तर. ते पक्ष्यांचे आवाज टिपतात; खिडकीत काही किलबिललं की माइक नकळत तिकडे वळतो. मेकअपला पार्लरवाली रम्या.

काल आमच्याच घरी पहिलं चित्रीकरण झालं. बहिणीच्या कामासाठी नाटकातल्या एक बाई आणल्या होत्या. रम्याने त्या दुःखी बहिणीला तासाभरात नवरी करून बसवलं. बाईंनी तोंड धुतलं. मग डोळ्यांत पाणी आणलं, तर वेंकटेश कॅमेऱ्यामागून ओरडला, “अम्मा, स्वल्प नगी!” त्याला बिचाऱ्याला हसऱ्या चेहऱ्यांचीच सवय. चौथ्या वेळी बाई उठल्या. “मी रडू की हसू, ते आधी ठरवा,” म्हणाल्या आणि रिक्षा करून गेल्या.

मी कपाळाला हात लावून बसले. तेवढ्यात आई सगळ्यांना कॉफी घेऊन आली. खाटेवर भावाऐवजी चादरीखाली उशी ठेवली होती. आईने ट्रे खाली ठेवला, खाटेच्या कडेला बसली आणि उशीकडे बघून म्हणाली, “अण्णा, तू चारदा फोन केलास. मी बघत बसले, उचलला नाही. काय मिळालं रे मला?” पुढे बराच वेळ बोलत राहिली. वेंकटेशने हसायला सांगितलं नाही. बाहेर कोकीळ ओरडून दमली, पण माइक हलला नाही. रम्या तर पावडरचा पफ डोळ्यांना लावून रडत होती. तेव्हा मला कळलं, मामा, मला माणसं मिळाली!

मामींना नमस्कार सांगा.

तुमची भाची,
मेघाश्री

ता. क. भावाच्या कामाला अजून कोणी मिळालेलं नाही. संवाद एकही नाही, डोळे मिटून पडायचं. गुडघ्यालाही आराम. येत्या रविवारी सकाळी याल ना?

ता. क. दोन. तुमच्या पुनीतच्या लग्नापासून तुम्ही आणि आई एकमेकांशी बोलत नाही, हे मला ठाऊक आहे. पण त्या चार फोनांचं मी लिहिलेलं नव्हतं. ते मला ठाऊकही नव्हतं.

ता. क. तीन. भावाच्या कामाला हुणसूरचे कोणी नट येताहेत, असं आईला सांगितलंय. तुम्हाला बघून ती काय बोलेल, देव जाणे. वेंकटेशला दारापासूनच कॅमेरा चालू ठेवायला सांगितलाय.